पैसे देऊन पळता?

"पळायचे किती मिळतात हो ताई?"

मुंबई मॅरेथॉनची ड्रीम रन, म्हणजे हौशी लोकांची छोटी दौड. सीएसएमटीहून निघून जेमतेम पंधरा मिनिटं झालेली आणि मी बरगडीखाली कळ आली म्हणून कडेला वाकून उभी. विचारणाऱ्या मावशी सफाईवाल्या, हातात गोणी.

म्हटलं, मिळत नाहीत, आपणच भरायचे. सेवाभावी संस्थेला जातात.

"पैसे देऊन पळता?" मावशी इतक्या मनापासून हसल्या की कळ विसरून मीही हसले.

मग त्या कामाला लागल्या. बाटली उचलायची, झाकण काढायचं, उरलेलं पाणी झाडाच्या बुंध्यात ओतायचं, बाटली गोणीत. बहुतेक बाटल्या दोन घोट पिऊन टाकलेल्या. त्यातली एक माझीही असणार. मघाशी मीपण ऐटीत भिरकावली होती, टीव्हीवर धावणारे टाकतात तशी.

पुढचं अंतर चालतच काढलं. (घरी 'धावले' असंच सांगितलंय.)

आता टी-शर्ट दोरीवर वाळतोय, छातीवर संस्थेचं नाव. पाय ठणकताहेत. आणि डोक्यात एकच घोळतंय, आम्ही पहाटे उठल्याचं एवढं कौतुक करून घेतलं, मावशींची ड्युटी कितीला सुरू झाली असेल?