मला सांगू नका
भ्रूणाची बायॉप्सी मला चांगली जमते, हे सांगायला मी लाजत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेलं पाचव्या दिवशीचं भ्रूण एका नळीने धरायचं, लेसरने कवचाला भोक पाडायचं आणि ज्या भागाची पुढे वार होणार तिथल्या पाच-सहा पेशी दुसऱ्या नळीत ओढून घ्यायच्या. बाळ ज्यातून घडणार त्या पुंजक्याला धक्का लागता कामा नये. खरी धाकधूक नंतर. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पेशी ट्यूबमध्ये पडल्या की नाही, हे निकाल आल्यावरच कळतं.

त्या दिवशी एका जोडप्याची अशी चार भ्रूणं होती आणि एकाचीही बायॉप्सी करायची काडीचीही गरज नव्हती. हे मला माहीत होतं.

त्यातल्या नवऱ्याची आई हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाने गेलेली. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. 26 वेळांपर्यंत ठीक. 40 किंवा जास्त असली तर रोग ठरलेला, बहुतेकदा तिशी ते पन्नाशीत. बरं करणारं औषध नाही. जनुक 1993 मध्ये सापडलं, तरी धोका असलेले बहुतेक जण तपासून घेत नाहीत. हाही म्हणाला, ‘मला सांगू नका, फक्त बाळाला नको.’ तसं करता येतं: भ्रूणं तपासायची, रोगाची वगळायची, किती वगळली ते सांगायचं नाही.

पण तुलनेला त्याचा स्वतःचा नमुना लागतो. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींचे आकडे 17 आणि 21.

म्हणजे यांना आमची गरजच नाही! दिवस राहायला दोघांना कसलीच अडचण नव्हती. तरी टेस्ट ट्यूब बेबीची पहिली फेरी फुकट गेल्यावर बायकोने पुन्हा दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेतली, भूल घेऊन बीजं काढून घेतली.

एक सौम्य वाट होती. भ्रूणात तो भाग आजीकडून आलाय की आजोबांकडून, एवढंच पाहायचं आणि आजीकडचा आलेली सगळी बाद करायची. बापाबद्दल कुणालाच काही कळत नाही. पण त्यात निरोगी भ्रूणंही जाऊ शकतात, म्हणून बायको नको म्हणाली.

बायॉप्सी गुपचूप गाळूया का, असं मी समुपदेशक मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “आणि ज्याचा आकडा 44 आहे, त्याची गाळशील? एकदा कुणाची गाळली की तपासणी झाली यावरूनच लोक ओळखतील.” म्हणजे गप्प राहायचं तर सगळ्यांच्याच बाबतीत. पटलं, पण इंजेक्शनं त्या बाईने घेतली होती. आमच्या प्रमुखांनी फक्त संमतिपत्रावर सही आहे का, एवढंच विचारलं. त्यांना सगळी उत्तरं संमतिपत्रात सापडतात.

सही बाकी होती, म्हणून मीच कागद घेऊन बाहेर गेले. सही करताना त्याच्या हातातून पेन पडलं. तो बोटांकडे बघत राहिला, बायकोही. रोग असाच सुरू होतो हे आईच्या वेळी दोघांनी पाहिलेलं.

नुसतं पेन पडलं होतं. मी ते उचलून त्याच्या हातात दिलं, सही घेतली आणि आत जाऊन चारही भ्रूणांच्या पेशी काढल्या.