बोटीवरचे सरकार

दुपारचे जेवण झाल्यावर जुनी छायाचित्रे पाहत बसण्याची मला खोड आहे, आणि छायाचित्र समूहाचे असेल तर त्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे शोधण्याची त्याहून वाईट खोड. परवा अशाच एका दुपारी विलिस रीदझेनिएक्स यांनी १८ नोव्हेंबर १९१८ रोजी टिपलेले छायाचित्र समोर आले. रीगा शहरातल्या नाट्यगृहाचा रंगमंच, मागे झेंडे आणि त्यांच्यापुढे दाटीने जमलेली गंभीर चेहऱ्यांची माणसे. बाल्टिक समुद्राकाठच्या लात्विया नावाच्या देशाची घोषणा तिथे होत होती, आणि त्या सोहळ्याचे हे एवढेच छायाचित्र उरले आहे.

आदल्याच दिवशी ४० सदस्यांची लोकपरिषद, म्हणजे नव्या देशाची तात्पुरती संसद, स्थापन झाली होती. त्यांपैकी ३८ जण सोहळ्याला हजर होते. गैरहजर असलेल्यांत नेमके अध्यक्षच होते. यानिस चाक्स्ते तेव्हा रीगात नव्हते, तरीही परिषदेने त्यांचीच निवड केली आणि सभा उपाध्यक्ष गुस्ताव्स झेमगाल्स यांनी चालवली. जो सभेला येत नाही त्याच्याच गळ्यात पद पडते, हा नियम फक्त आपल्या गृहनिर्माण संस्थांचा आहे, असा माझा आजवरचा समज होता. पंतप्रधानपद मिळाले ते कार्लिस उलमानिस यांना. हे गृहस्थ शेतीचे आणि त्यातही दुधाच्या धंद्याचे जाणकार; अमेरिकेत नेब्रास्काच्या विद्यापीठात शिकून आलेले.

माझी नजर मात्र पुनःपुन्हा त्या रंगमंचाकडे जात राहिली. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर नाटक चाले आणि सकाळी आम्ही पोरे रिकाम्या रंगमंचावर चढत असू. रात्री ज्या सिंहासनासमोर सरदार मुजरा करीत होते, ती हेडमास्तरांची खुर्ची निघायची, आणि राजवाड्याच्या भिंतीमागे पाहिले तर गोणपाट आणि बांबू. तरीही त्या खुर्चीवर बसायची हिंमत कोणाला होत नसे. सोहळ्यानंतर झेंडे गुंडाळताना रीगातल्या कोणा कामगाराला असेच काही वाटले असेल का?

कारण बाहेर, रस्त्यावर, राज्य अजून महायुद्धात आलेल्या जर्मन फौजेचे होते. नव्या सरकारकडे ना सैन्य होते ना भरलेला खजिना. दीड महिन्यात, ३ जानेवारी १९१९ ला रशियातल्या बोल्शेविकांच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, लाल सेनेने रीगा घेतले, आणि तोवर मंत्रिमंडळ पश्चिमेकडे निघालेले होते. लिएपाया बंदराशी ते जरा स्थिरावते न स्थिरावते तोच १६ एप्रिलला बाल्टिक जर्मनांनी, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जर्मनांनी, उठाव करून त्यांना पदच्युत केले, आणि उलमानिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातल्या ‘सारातोव’ नावाच्या बोटीचा आसरा घेतला. संरक्षण ब्रिटिश आरमाराचे. त्या वसंतात एवढ्याशा लात्वियात तीन सरकारे नांदत होती: रीगामध्ये पेतेरिस स्तुच्का यांचे बोल्शेविक सरकार, किनाऱ्यावर आंद्रिएव्स निएद्रा या धर्मोपदेशक-कादंबरीकाराचे जर्मनांच्या पाठिंब्याचे सरकार, आणि पाण्यावर तरंगणारे उलमानिस यांचे.

माझे मन रेंगाळते ते या तिसऱ्यावर. बोटीवरचा कृषिमंत्री दिवसभर काय करीत असेल? खाते आहे, शिक्के आहेत, शेत मात्र दिसेल तेवढे किनाऱ्यावर, दुसऱ्याच्या ताब्यात. आपल्यालाच सरकार म्हणायचे, असे रोज सकाळी उठून एकमेकांकडे पाहून ठरवावे लागत असेल, आणि मला तर वाटते की त्या दोन-अडीच महिन्यांत खरोखर एवढाच कारभार होता व तोच सर्वांत अवघड होता. जूनमध्ये त्सेसिस या लात्वियातल्या शहराजवळ एस्टोनियन आणि लात्वियन सैनिकांनी जर्मनांना हरवले, तेव्हा पारडे फिरले आणि ८ जुलैला सरकार रीगात परतले. निवडून आलेली संविधान सभा भरायला मात्र १ मे १९२० उजाडला. पुढे १९२२ मध्ये चाक्स्ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्यामागून झेमगाल्स.

इथेच थांबलो असतो तर दुपार बरी गेली असती. पण १५ मे १९३४ च्या रात्री याच उलमानिस यांनी, त्या वेळी पुन्हा पंतप्रधान असताना, संसद बंद केली, पक्षांवर बंदी घातली आणि सत्ता स्वतःच्या हाती घेतली. १९४० मध्ये सोव्हिएत रणगाडे आले. उलमानिस यांना पकडून नेण्यात आले आणि १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्राकाठच्या क्रास्नोवोद्स्कच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर सापडलेली नाही.