राजपत्रातली हद्द मोबाइलवर आणताना

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकाम-उद्योगांवर बंधनं असलेला पट्टा, केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित केलं. त्याची रुंदी कुठे १०० मीटर, तर कुठे ४ किलोमीटर. हा पट्टा नेमका कुठून जातो, हे येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना मोबाइलवर दिसावं, एवढंच मला हवं होतं.

उद्यानाची हद्द पटकन मिळाली. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर स्वयंसेवकांनी ती आखून ठेवली आहे. त्यातली माहिती काढून देणाऱ्या ओव्हरपास टर्बो या संकेतस्थळावरून फाइल उतरवली आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. दोन्ही मोफत.

पट्ट्याचं काम वेगळं. तो राजपत्राच्या पीडीएफमध्ये होता: हद्दीचं वर्णन, नकाशाचं चित्र आणि अक्षांश-रेखांशांचा तक्ता. तक्ता अंश-मिनिट-सेकंदांत. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. स्प्रेडशीटमध्ये एका सूत्रात झालं. बिंदू नकाशावर आले, पण ते फक्त ठळक जागांचे. सरळ रेषांनी जोडले की रेषा इमारतींच्या मधूनच जाते. खरी हद्द नाल्याच्या, रस्त्याच्या, सर्व्हे नंबरांच्या कडेने वळत जाते. म्हणून वर्णनातलं एकेक वाक्य वाचायचं, उपग्रह चित्रात तो नाला शोधायचा आणि तेवढा तुकडा हाताने आखायचा. सगळा वेळ इथे गेला, आणि घाई करू नये अशी जागाही हीच.

अंतर मोजण्याआधी थर, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये उघडलेली हद्द, यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) न्यावा. अंशांतल्या थरावर १०० मीटरचा पट्टा काढायला गेलात तर सॉफ्टवेअर ते १०० अंश समजतं.

सरकारकडे हा नकाशा तयार करतानाची मूळ फाइल असणारच. ती अधिसूचनेसोबत का देत नाहीत? भारताचं राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघतं. पाड्यावरच्या माणसाने त्यातून आपलं घर आत की बाहेर हे कसं ओळखायचं? मला हे फार खटकतं.

शेवटी सगळं केएमएल या नकाशाच्या फाइल-प्रकारात काढलं, म्हणजे मोबाइलवरच्या गूगल अर्थमध्ये उघडतं. फाइलच्या नावातच अधिसूचनेची तारीख घातली, आणि हाताने आखलेले तुकडे तुटक रेषेत ठेवले. तुमची जागा त्या तुटक रेषेजवळ असेल तर माझ्या फाइलवर विसंबू नका. सर्व्हे नंबर घेऊन वन विभागाकडून लेखी उत्तर मागा.