मँडरिन माशाची भूक

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्यांना भुरळ घालणाऱ्या लहान प्रवाळमाशांत मँडरिनइतका देखणा मासा क्वचितच सापडेल, आणि त्याच्याइतका अविचाराने विकत घेतला जाणारा मासाही बहुधा दुसरा नसेल. जेमतेम ६ ते ७ सेंटिमीटर लांबीच्या या माशाच्या निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे असतात. बहुतेक निळ्या माशांच्या त्वचेत निळे रंगद्रव्य नसतेच. पेशींमधील ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक प्रकाश परावर्तित करतात आणि आपल्याला निळाई दिसते. मँडरिनच्या त्वचेत मात्र खरोखरच निळे रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशी आहेत, आणि पृष्ठवंशी प्राण्यांत हे अत्यंत विरळ आहे. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी उग्र वासाच्या, विषारी आणि चिकट द्रावाचा थर असतो, त्यामुळे भक्षक त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

फिलिपाइन्समध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट हेरे यांनी १९२७ मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले. जपानच्या रिउक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, उथळ आणि शांत पाण्यातल्या प्रवाळांच्या आडोशाने तो राहतो. तेथे त्याचा दिनक्रम जवळजवळ एकच असतो: तळाशी संथपणे फिरत राहायचे, थांबून निरखायचे आणि कोपेपॉडसारखे बारीक जीव एकेक करून टिपायचे.

खरी अडचण नेमकी येथेच आहे. क्लाउनफिश पाण्यात पडलेल्या दाण्यांवर तुटून पडतो. मँडरिन, विशेषतः समुद्रातून पकडून आणलेला, ते दाणे अन्न म्हणून ओळखतच नाही, आणि ओळखले तरी चपळ माशांच्या गर्दीत त्याच्या वाट्याला काही उरत नाही. नव्या, स्वच्छ टाकीतील मोजके कोपेपॉड तो लवकरच संपवतो आणि त्यानंतर हळूहळू खंगत जातो. पाण्याच्या सर्व चाचण्या निर्दोष येत असतानाही त्याचे पोट आत ओढले जाते आणि पाठीचा भाग हडकुळा दिसू लागतो. म्हणून भरपूर लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेले समुद्री खडक) असलेली, कित्येक महिने मुरलेली टाकी आणि शक्य असल्यास कोपेपॉड निर्धास्त वाढतील असा वेगळा कप्पा, म्हणजे रेफ्युजियम, एवढी तयारी झाल्याखेरीज हा मासा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. (टाकी ‘स्वच्छ दिसावी’ म्हणून खडक घासणाऱ्यांनी तर त्याचा विचारही करू नये.)

दोन नर एकत्र ठेवल्यास ते जीवघेणे भांडतात. पाठीवरच्या पहिल्या पराचा लांब काटा पाहून नर सहज ओळखता येतो. जोडी जमली आणि खाणे पुरेसे मिळाले, तर अंधार पडण्याच्या सुमारास दोघे अंगाला अंग लावून वर येतात आणि अंडी पाण्यात सोडतात. मत्स्यालयात वाढवलेली पिल्लेही आता मिळतात आणि ती तयार खाद्य बऱ्याच सहजतेने स्वीकारतात. निवड करता येत असेल तर मी तीच घ्यायला सांगेन. मात्र पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला त्यांना आपल्यासमोर खाऊ घालायला लावावे.