टीआरआयआर करायचंय? आधी लिक्विड नायट्रोजनचं बघा

टीआरआयआर म्हणजे टाइम-रिझॉल्व्हड इन्फ्रारेड: एका लेसर पल्सने रिअॅक्शन सुरू करायची आणि मागून येणाऱ्या इन्फ्रारेड (आयआर) पल्सने पुढे काय होतं ते बघायचं. ज्युनियर विचारतात, पिकोसेकंदात (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात) होणारी रिअ‍ॅक्शन आयआरमध्ये पकडता कशी, आणि मला आधी आठवते ती नायट्रोजनची स्लिप. अलाइनमेंट, ओपीए (लेसरची तरंगलांबी बदलून देणारं यंत्र) वगैरे सिनियरनी दाखवलं, जमलं.

सिस्टिम जुनीच, हेप्टेनमध्ये टंगस्टन हेक्झाकार्बोनिल. २६७ नॅनोमीटरचा पल्स पडला की एक सीओ सुटतो आणि रिकाम्या जागी काही पिकोसेकंदांतच हेप्टेनचा रेणू येऊन बसतो. स्पेक्ट्रममध्ये १९८० सेमी⁻¹ च्या आसपास मूळ रेणूचा ब्लीच (तो कमी झाल्याचा खड्डा), त्याखाली दोन नवे बँड, सुरुवातीला गरम म्हणून रुंद.

पण हे दिसायला आयआर पकडणारा एमसीटी डिटेक्टर ७७ केल्विनला, म्हणजे लिक्विड नायट्रोजनने थंड केलेला हवा. आमच्या इथे लिक्विड नायट्रोजन सकाळी दहा ते अकराच मिळायचा, तोही सरांची सही, प्रोजेक्ट कोड आणि एचओडींची सही असलेल्या स्लिपवर, आणि सर बाहेरगावी असले तर स्कॅन केलेली सही चालत नाही म्हणून परत पाठवायचे. इकडे लेसर स्थिरावेपर्यंत दुपार होणार, डिटेक्टर टिकणार आठ-दहा तास, म्हणजे डेटा छान यायला लागला की संध्याकाळी ड्युअर (नायट्रोजनचा थर्मास) रिकामा! जादा मागितला तर "उद्या या". वर पर्जिंगही (बॉक्समधली दमट हवा हाकलणं) त्याच नायट्रोजनच्या वाफेवर, आणि जुलैतली मुंबई, बाष्पाच्या रेघा १९०० सेमी⁻¹ च्या पुढेही येतात, आपला सिग्नल मिली-ओडीचा (शोषणाच्या एककाचा हजारावा भाग), बॉक्स एकदा उघडला की सुकायला पुन्हा तासन्‌तास. शेवटी तिथल्याच एका काकांनी सहज सांगितलं, अहो महिन्याचा स्टँडिंग इंडेंट (कायम मागणीचा फॉर्म) असतो की, एकदाच सह्या. म्हणजे फॉर्म होताच, खिडकीवरचा माणूस बोलला नाही इतकंच!! अजून डोकं फिरतं.

हां, टाइम झिरो (दोन्ही पल्स एकदम पोचतात तो क्षण) थेट सॅम्पलवर शोधत बसू नका, आधी जर्मेनियमच्या पातळ वेफरवर शोधा, पायरीसारखा सिग्नल लगेच दिसतो. पल्सचं अंतर बदलणारी आरशांची स्टेज १ मिलिमीटर सरकली की ६.७ पिकोसेकंद, जाऊन-येऊन. सेलला कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या, आणि सॅम्पल वाहतं ठेवा, नाहीतर आधीच्या पल्सनी बनवलेला मालच परत मोजाल.

अजून एक, भरलेला ड्युअर लिफ्टमध्ये ठेवला तर सोबत आत जाऊ नका, जिन्याने जा. आणि इंडेंटची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, ते हरवतात.