आजीनं डायरी वाचली

"सारं गोडगोडच लिवलं वं तू. देवासंग कधी भांडली नाही काय?"

सदर भागातल्या चर्चमधून घरी आले, तर आजी पलंगावर माझी डायरी उघडून बसलेली. चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीत अर्धं सोललेलं संत्रं.

राग यायला हवा होता. आला नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. दोन वर्षं रोज रात्री लिहिते आणि प्रत्येक पान 'प्रभू, धन्यवाद'नं सुरू. मुलाखत फसली त्या दिवशीचंही! खाली बायबलमधलं वचन, त्याला हिरव्या पेनची चौकट. त्या रात्री उशी भिजेस्तोवर रडले होते, ते कुठेच नाही.

आजीनं बायबल काढून स्तोत्र 13 पुढं केलं. दावीद राजाच्या नावाचं. पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा तोच सवाल: कुठवर? बायबलमधल्या 150 स्तोत्रांत अशी तक्रारीची कितीतरी आहेत. आम्ही ती चालीवर म्हणतो. आणि मी मात्र बाई वही तपासणार असल्यासारखी लिहिते.

आता पेन घेऊन बसलेय. तारीख टाकली. पहिली ओळ सुचत नाही, आणि पानाला संत्र्याचा वास येतोय.

तुम्ही डायरीत खरं लिहिता?