मॅसिव्ह म्हणजे नक्की किती जण?

गणपतीत मावशीकडे गेलो की माझं आणि दादाचं एक भांडण ठरलेलं असतं. आरती झाली, मोदक झाले, की आम्ही दोघं गॅलरीत जातो आणि सुरू. दादा म्हणजे मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. विषय २०१५ पासून बदललेला नाही, डेस्टिनी हा शूटर, म्हणजे बंदुकीचा ऑनलाइन व्हिडिओ गेम, एमएमओ (मॅसिव्हली मल्टिप्लेयर ऑनलाइन, एकाच जगात ढिगानं माणसं खेळतात तो गेम) आहे की नाही. मावशी ह्याला "तुमचं ते मोमो" म्हणते आणि वहिनीला सांगते की आत्ता त्यांना हाक मारू नकोस, मोमो चालू आहे.

यंदा भांडण दोन पावलं पुढं सरकलं म्हणून लिहून ठेवतोय, नाहीतर पुढच्या वर्षी दादा म्हणणार मी असं बोललोच नव्हतो.

दादाची बाजू आधी. दादा २००५ मध्ये टेक्ससला एमएस करत होता आणि अभ्यासातून उरलेला सगळा वेळ (त्याच्या मते उरलेला, मावशीच्या मते सगळाच) वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नावाच्या पीसी गेममध्ये. महिन्याला पंधरा डॉलर भरायचे, गिल्ड म्हणजे खेळाडूंची टोळी होती, चाळीस माणसं एका वेळी जमवून मोल्टन कोअर नावाच्या गुहेत रेड मारायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची अवघड चढाई. चाळीस. आपल्याकडं सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरत नाही आणि ही माणसं आठवड्यातून दोनदा चाळीस जण वेळेवर हजर. तर दादाच्या डोक्यात एमएमओची व्याख्या तिथं पक्की झालीय: एक जग, त्यात हजारो माणसं, तुम्ही लॉगआउट केलं तरी ते चालू, आणि त्यात जे घडतं ते सगळ्यांना भोगावं लागतं. अल्टिमा ऑनलाइन हा गेम १९९७ ला आला तेव्हापासूनची ही व्याख्या आहे असं तो म्हणतो आणि त्यात तो फार चुकत नाही.

त्याचं हुकमी पान म्हणजे सप्टेंबर २००५ ची साथ. झुल'गुरुब नावाच्या नव्या रेडमधला बॉस, म्हणजे मुख्य राक्षस, हक्कार, खेळाडूंवर एक शाप टाकायचा, करप्टेड ब्लड, जवळ आला की दुसऱ्याला लागणार असा. तो त्या रेडच्या बाहेर जायलाच नको होता. पण लोकांचे पाळीव प्राणी तो घेऊन शहरात आले आणि मग काय, बाजारात उभी असलेली कमी लेव्हलची पोरं पटापट मरायला लागली, चौकात हाडांचे सापळे, लोक शहर सोडून पळतायत. शेवटी गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डला सर्व्हर रीसेट करून साथ घालवावी लागली. दादा तेव्हा तिथं होता. तो ऑक्शन हाउसपाशी कसलं तरी कातडं विकायला गेलेला आणि न लढताच मेला. हे तो अजूनही असं सांगतो जसं काही लोक २६ जुलैच्या पावसात कुठं अडकलो होतो ते सांगतात.

"ज्या माणसाला मी आयुष्यात भेटलो नाही त्याच्या कुत्र्यानं मला मारलं," असं तो म्हणतो. "हे तुझ्या डेस्टिनीत होतं का? नाही ना? मग बस खाली."

आता माझी बाजू. मी पीसीवाला कधीच नव्हतो, आमच्या घरी पीसी म्हणजे बाबांचं टॅली. मी कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनवर (पीएस) वाढलो, आणि मला वाटायचं की मॅसिव्ह म्हणजे आकडा. २०१० च्या जानेवारीत पीएस थ्रीवर मॅग आला, नावच मॅसिव्ह ॲक्शन गेम, सोकॉम हा गेम बनवणाऱ्या झिपर इंटरॅक्टिव्हचा. एका मॅचमध्ये २५६ जण, १२८ इकडं १२८ तिकडं, गिनेसमध्ये रेकॉर्ड. मी सेकंडहँड डिस्क आणली आणि दादाला फोन केला की घे, हा बघ एमएमओ, तुझे चाळीस जण ठेव बाजूला.

खेळलो आणि लक्षात आलं की २५६ हे लग्नाच्या हॉलमधले २५६ आहेत. आठ जणांचं स्क्वॉड, चार स्क्वॉडची प्लॅटून, चार प्लॅटूनची कंपनी, आणि नकाशा असा कापलेला की प्रत्येक प्लॅटूनला आपला कोपरा. तुम्ही आपल्या पंगतीतल्या आठ जणांशी बोलता, समोरच्या पंगतीवर गोळ्या झाडता, बाकी हॉलमधून नुसता आवाज येतो. शेवटी सगळे मधल्या तळावर एकत्र येतात तेव्हा पाचेक मिनिटं खरंच अंगावर काटा यायचा, तेवढं मान्य. पण मॅच संपली की हॉल रिकामा, टेबलं उचलली, पुढचं लग्न. रेव्हन, व्हॅलर, स्वेर अशा तीन खाजगी फौजा होत्या, त्यातली एक निवडायची, तिघींचं सतत युद्ध चालूय असं दाखवायचे, पण मी काल रात्री जिंकलेला तळ आज सकाळी कुणाला आठवायचा नाही. २८ जानेवारी २०१४ ला सर्व्हर बंद झाले आणि त्या गेमला सिंगल प्लेयर, म्हणजे एकट्यानं खेळायचा भाग, नव्हताच, त्यामुळं माझी डिस्क आता ड्रॉवरमध्ये पडून आहे. लावली तर मेन्यूच्या पुढं जायला जागा नाही.

तर मॅग एमएमओ नाही ह्यावर आम्हा दोघांचं एकमत आहे आणि मला वाटतं हेच कुणी नीट बोलत नाही. २५६ असून नाही. मग डेस्टिनी तर त्याहून छोटा. सप्टेंबर २०१४ ला आला, फायरटीम म्हणजे आपली टोळी तीन जणांची, रेड सहाची, टॉवरवर म्हणजे तिथल्या गावात फार तर सोळा जण, बाहेर पृथ्वीवर चंद्रावर फिरताना त्याहून कमी. बनवणाऱ्या बंगीनं स्वतः एमएमओ हा शब्द टाळला, शेअर्ड वर्ल्ड शूटर म्हणाले. दादा खूश. आकड्यात तू हरलास, नावातही हरलास.

इथं मी त्याला एकदा बरोबर पकडला होता. म्हटलं दादा, तू गिल्ड वॉर्स खेळायचास ना, तेव्हा काय म्हणायचास? एमएमओच म्हणायचास. २००५ चा पहिला गिल्ड वॉर्स, त्यात गावात गर्दी, पण गावाचा दरवाजा ओलांडला की फक्त तुमची पार्टी, बाकी सगळं इन्स्टन्स, म्हणजे तुमच्या पार्टीपुरती वेगळी प्रत, चिटपाखरू नाही. त्या गेमच्या लोकांनी पण एमएमओ शब्द टाळून वेगळंच नाव लावलं होतं. आणि ड्रीमकास्ट ह्या जुन्या कन्सोलवरचा फँटसी स्टार ऑनलाइन, २००० सालचा, लॉबीत गर्दी आणि आत चार जण. म्हणजे गाव भरलेलं आणि रान मोकळं हा प्रकार डेस्टिनीनं काढला नाही, उलट डेस्टिनीत तर रानातही अनोळखी माणूस भेटतो. तुम्ही कॉस्मोड्रोम नावाच्या भागात आपले चालताय आणि कुणीतरी स्पॅरो ह्या तरंगत्या गाडीवरून भुर्रकन जातो, पुढं पब्लिक इव्हेंट, म्हणजे सगळ्यांना खुली लढाई, लागलेला असतो, तो थांबतो, तुम्ही थांबता, दोघं मिळून तो टँक फोडता, तो हात हलवतो आणि जातो. दादा ह्यावर गप्प बसला. मग म्हणाला वहिनी बोलावतेय. वहिनी बोलावत नव्हती.

पण परत येऊन त्यानं जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. "त्या हात हलवणाऱ्याला तू एक बंदूक देऊ शकतोस का?" नाही. डेस्टिनीत खेळाडूनं खेळाडूला काहीच देता येत नाही. विकता येत नाही, उसनं देता येत नाही, बाजार नाही. सगळं गेम तुम्हाला देणार, तुम्ही आपलं घेऊन जाणार. दादा म्हणतो जिथं बाजार नाही तिथं गाव नाही, नुसता एसटी स्टँड आहे, सगळे शेजारी उभे पण प्रत्येकाची गाडी वेगळी. हे जरा लागलं मला.

आता रेडचं सांगतो, कारण माझा सगळा दावा त्यावर उभा आहे. व्हॉल्ट ऑफ ग्लास. गेम आल्यावर आठवड्याभरात उघडला. ह्याला मॅचमेकिंग नव्हतं, म्हणजे गेम तुम्हाला सहा माणसं शोधून देणार नाही, तुमची तुम्ही आणा. मी डोंबिवलीत, माझ्या ओळखीत पीएस फोर असलेला दुसरा माणूस शून्य. मग कुठून कुठून शोधून एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला, दोघं पुण्याचे, एक नाशिकवाला, एक बंगळूरचा, एक दुबईला. ह्यातल्या एकाचंही तोंड मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं. रात्री अकराला घरातले झोपले की सुरू, आणि मी हेडसेट लावून कुजबुजत्या आवाजात "ओरॅकल डावीकडं, डावीकडं, अरे वरचा राहिला" असं करतोय, आई एकदा पाणी प्यायला उठली आणि दारात उभी राहून बघत बसली. तिला वाटलं मी कुठल्या बुवाच्या नादी लागलोय.

मंगळवारी दुपारी अडीचला रीसेट, म्हणजे गेमचा आठवडा नव्यानं सुरू. शुक्रवारी दुपारी झूर नावाचा व्यापारी येणार, रविवारी जाणार, आणि काय आणलंय ते आधी कुणालाच माहीत नसायचं. ऑफिसात शुक्रवारी अडीचला मोबाइल थरथरायचा आणि आम्ही सहा जण सहा ठिकाणी टेबलाखाली तो बघायचो. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं ग्यालारहॉर्न विकायला आणलं होतं, सतरा स्ट्रेंज कॉइनला, आणि आम्ही म्हटलं रॉकेट लाँचर कोण घेतो, हेल्मेट घे. ते नंतर जवळजवळ वर्षभर परत आलंच नाही, २०१५ च्या ऑगस्टपर्यंत, आणि तोवर अशी वेळ आली होती की रेडसाठी माणूस मागताना लोक स्पष्ट लिहायचे, ग्यालारहॉर्न असेल तरच या. नाशिकवाल्यानं ते त्या दिवशी घेतलं होतं. त्यानं हे आम्हाला विसरू दिलं नाही.

मधे एक नेटचं प्रकरण झालं. मला सारखा बीव्हर यायचा. म्हणजे एरर कोड, डेस्टिनीत एररना प्राण्यांची वगैरे नावं आहेत, बीव्हर म्हणजे तुमचा कन्सोल दुसऱ्या खेळाडूच्या कन्सोलला जोडला जात नाहीये. कारण आमच्या केबलवाल्या नेटमध्ये अख्ख्या एरियाला मिळून एकच बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्यामुळं दुसऱ्यांचे कन्सोल माझ्यापर्यंत पोचायचेच नाहीत. तीनदा फोन केला. "सर यूट्यूब चालतंय ना?" चालतंय. "मग नेट चालू आहे सर." शेवटी जास्तीचे पैसे भरून पब्लिक आयपी, म्हणजे माझा एकट्याचा पत्ता, घेतला, घरच्यांना ऑफिसचं काम सांगितलं.

आणि ह्याच बीव्हरच्या मागे दादाचं सगळ्यात मोठं शस्त्र लपलेलं होतं, जे मीच मूर्खासारखं त्याच्या हातात दिलं. डिसेंबर २०१४ ला दुसरा रेड आला, क्रोटाज एंड. शेवटचा राक्षस क्रोटा, त्याची ढाल फोडली की तो थोडा वेळ गुडघ्यावर बसतो, तेवढ्यात तलवारवाल्यानं धावत जाऊन मारायचं, मग तो परत उठतो. अवघड होतं. तर कुणीतरी शोधून काढलं की तो गुडघ्यावर बसला की त्याच क्षणी होस्टनं, म्हणजे सहा जणांतल्या यजमान खेळाडूनं, आपली लॅनची वायर काढायची. क्रोटा बसलेलाच राहतो. आमच्यात तेव्हा होस्ट नाशिकवाला, त्याचा राउटर आईबाबांच्या खोलीत. रात्री साडेबाराला हेडसेटमधून आम्हाला सगळं ऐकू येतंय, दार कुरकुरलं, "कोण आहे रे?", "काही नाही बाबा, चार्जर", आणि मग एकदम शांतता. स्क्रीनवर क्रोटा गुडघ्यावर. आम्ही पाच जण धावलो आणि तलवारीनं अक्षरशः लाकडं फोडल्यासारखा फोडला त्याला. बिचाऱ्या नाशिकवाल्याला मरताना दिसला पण नाही.

हे मी दादाला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुमचा राक्षस नाशिकमध्ये राहत होता?"

झालं. कारण तसंच होतं. पहिल्या डेस्टिनीत मिशन कुठपर्यंत आलंय हे बंगीच्या सर्व्हरवर, पण राक्षस कुठं उभा आहे, कसा हलतोय हे सहा जणांपैकी कुणाच्या तरी कन्सोलवर चालायचं. ती वायर निघाली की पुढचा कन्सोल ते काम हातात घेईपर्यंत राक्षस लटकला. (डेस्टिनी टूमध्ये हे दोन्ही सर्व्हरवर नेलं.) दादा म्हणतो एमएमओत एका माणसाची वायर निघाली तर तो माणूस बाहेर पडतो, देव गुडघ्यावर बसत नाही. जग कंपनीच्या खोलीत पाहिजे, कुणाच्या आईबाबांच्या नाही.

यंदाची प्रगती म्हणजे दादानं एक गोष्ट सोडली आणि मी एक. त्यानं सोडलं ते हे की कन्सोल किंवा बंदूक ही अडचणच नाही. प्लॅनेटसाइड टू शूटरच आहे, २०१५ च्या जूनमध्ये पीएस फोरवर आला, त्याआधी जानेवारीत पीसीवर त्यात एकाच लढाईत १,१५८ जण असल्याचा रेकॉर्ड झालेला, आणि तिथं तीन फौजांनी घेतलेला तळ तुम्ही झोपून उठलात तरी कुणाच्या तरी रंगात असतो, तुमच्याच असेल असं नाही. म्हणजे कन्सोलवरचा शूटर एमएमओ असू शकतो. मग मी डस्ट ५१४ काढला आणि तिथं दादा खरंच गोंधळला. पीएस थ्रीवरचा शूटर, मे २०१३ चा, मॅचला १६ विरुद्ध १६, मॅगहून कितीतरी छोटा. पण ती मॅच ज्या ग्रहावर चालायची तो ग्रह ईव्ह ऑनलाइन ह्या अंतराळातल्या गेममधला, पीसीवरचा, जवळजवळ सगळे एकाच सर्व्हरवर असलेला तो ईव्ह, आणि वर कक्षेत जहाज घेऊन बसलेला कुणी पीसीवाला खाली पीएस थ्रीवाल्यांच्या डोक्यावर बॉम्ब टाकू शकायचा. कधीही न भेटलेला माणूस, वेगळ्या मशीनवर, वेगळ्या गेममध्ये, आणि त्यानं तुम्हाला मारलं. दादाची कुत्र्याची अट पूर्ण. माणसं बत्तीस. ३० मे २०१६ ला तोही बंद झाला पण अट तर पूर्ण झाली. दादा बराच वेळ सुपारी चघळत बसला. "हा पास," म्हणाला.

मी सोडलं ते हे की डेस्टिनीचं जग एमएमओ नाही. बाजार नाही, साथ येत नाही, राक्षस नाशिकचा. २०१९ मध्ये बंगीचेच लोक डेस्टिनी टूला ॲक्शन एमएमओ म्हणायला लागले तेव्हा मी दादाला लगेच लिंक पाठवली होती, पण खरं सांगायचं तर पाटी बदलल्यानं दुकान बदलत नाही. माझं म्हणणं आता एवढंच उरलंय की एमएमओ होता, फक्त तो डिस्कमध्ये नव्हता, तो त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होता. दादाच्या चाळीस जणांच्या गिल्डमध्ये जे चालायचं, कोण येणार, कोण उशीर करतो, कुणावर रेड सोपवू नये, कुणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत म्हणून हा आठवडा पाच जणांतच, ते सगळं आमच्यात होतं. गेमनं मॅचमेकिंग दिलं नाही म्हणून झालं ते. दिलं असतं तर मी रोज नवीन पाच जणांबरोबर खेळलो असतो आणि एकाचंही नाव आठवलं नसतं. दादा म्हणतो हे ग्रुपचं कौतुक आहे, गेमचं नाही. असेल.

गणपतीहून घरी आलो आणि पीएस फोर काढून पुसला, जुना डेस्टिनी लावला. अपडेट, लॉगिन, टॉवर. माझा हंटर, म्हणजे माझं पात्र, तसाच, अंगावर तेच जुनं हेल्मेट. पोस्टमास्तरपाशी दुसऱ्या कुणाचा तरी टायटन उभा, बहुतेक चहाला उठून गेलेला. कठड्यावर एक वॉरलॉक नाचत होता. मी समोर जाऊन नाचलो, तो थांबला, माझ्याकडं वळून वाकला आणि परत नाचायला लागला. दहा मिनिटं आम्ही तेच करत होतो.

दादाला फोटो पाठवला. रात्री उत्तर आलं, "किती जण आहेत?"

म्हटलं, मला धरून तीन.

"मॅसिव्ह."